अकरापैकी दोन आले म्हणजे व्यसन?

अर्धविराम

मनोविकारशास्त्राच्या शिक्षणाचं माझं तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या आठवड्यात एकाच दुपारी दोन माणसांची हिस्टरी घेतली आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. तपशील अर्थातच बदलून लिहितोय.

पहिला एकवीस वर्षांचा मुलगा. शनिवारी मित्रांबरोबर पितो. आई त्याला ओढत घेऊन आली होती. "पूर्वी दोनात चढायची, आता चार लागतात," म्हणाला. "ठरवून बसतो त्यापेक्षा जास्त होते कधी कधी." बाकी सगळं नाही, नाही, नाही.

दुसरा पन्नाशीला टेकलेला. रोज पितो. पेन हातात घेतलं तेव्हा सही करायला त्याला दोन प्रयत्न लागले. विचारलं, "ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त घेतली जाते का?" तो म्हणाला, "मी ठरवतच नाही." कमी करायचा प्रयत्न केला का? "कशाला करू?" कामावर परिणाम? "धंदा माझाच आहे, मला बोलणार कोण?" तलफ? "तलफ यायला मधे थांबावं लागतं, डॉक्टर." त्याच्या खात्यात पडले दोनच निकष. पचायला लागली आहे, आणि सकाळी हात थरथरतात.

डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत, व्यसनाचे अकरा निकष आहेत. ताब्याचे चार: ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करता न येणं, त्यातच वेळ जाणं, तलफ. घरादाराचे तीन: जबाबदाऱ्या चुकणं, नात्यांत भांडणं होऊनही चालू ठेवणं, बाकीचे छंद-कामं सुटणं. धोक्याचे दोन: जिवावर बेतेल अशा जागी घेणं, आणि तब्येत बिघडतेय हे माहीत असून घेत राहणं. शरीराचे दोन: जास्त मात्रा लागणं आणि सोडल्यावरचा त्रास. बारा महिन्यांच्या काळात यातले दोन-तीन म्हणजे सौम्य, चार-पाच म्हणजे मध्यम, सहा किंवा जास्त म्हणजे तीव्र.

म्हणजे माझे हे दोघेही "सौम्य". एकाच रकान्यात.

कागदावर हिशोब मांडून बघितला. अकरातले कुठलेही दोन किंवा जास्त निकष जुळायच्या तऱ्हा २०३६ होतात. आणि "मध्यम" निदान असलेल्या दोन रुग्णांमध्ये एकही लक्षण समान नसू शकतं! पाच आणि पाच दहा, अकरात आरामात बसतात. तीव्रला गेल्यावरच निदान एक तरी लक्षण सामाईक असल्याची खात्री मिळते. असं एखादं दुसरं दुखणं सांगा, ज्याचे दोन रुग्ण शेजारी बसवले तर त्यांच्यात नावापलीकडे काहीच सारखं नाही.

माझं मत एवढंच की निकष मोजणं म्हणजे निदान नव्हे. ताबा सुटलाय का, हा एक प्रश्न आहे आणि तो ऐकून कळतो. आयसीडी-११, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, मला म्हणूनच जास्त शहाणी वाटते. तिथे तीनच गोष्टी बघायच्या: ताबा, आयुष्यात त्या पदार्थाला मिळालेला अग्रक्रम, आणि शरीराच्या खुणा. तीनातल्या दोन.

---

जुनाखडू

असहमत. आणि जरा रागाने असहमत, कारण ही तक्रार मी दर वर्षी नव्या मुलांकडून ऐकतो.

पहिली गोष्ट. त्या पन्नाशीच्या गृहस्थांचं तू निदान केलंच नाहीस, त्यांचा जबाब लिहून घेतलास. निकष रुग्णाने होय-नाही म्हणायचे नसतात, डॉक्टरने ठरवायचे असतात. लिव्हरचे रिपोर्ट पाहिलेस? बरोबर कोण आलं होतं, त्यांना बाहेर बोलावून विचारलंस? "मधे थांबावं लागतं" हे वाक्य तू विनोद म्हणून इथे लिहिलंस. माझ्या वहीत त्या वाक्याला "दिवसाचा बहुतेक वेळ त्यातच जातो" असं नाव आहे.

दुसरी गोष्ट. त्या अकरा निकषांच्या डोक्यावर एक वाक्य छापलेलं आहे: वापरामुळे वैद्यकीयदृष्ट्या लक्षणीय बिघाड किंवा त्रास होत असला पाहिजे. ते ओलांडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. दोनाचे चार पेग झाले यात त्या मुलाला लक्षणीय त्रास काय? आईला त्रास झाला हे मला दिसतंय.

आता "ऐकून निदान" याबद्दल. ऐकूनच चालायचं की पूर्वी! डीएसएमच्या १९५२ च्या पहिल्या आवृत्तीत दारूचं आणि ड्रग्जचं व्यसन कुठे ठेवलं होतं माहीत आहे? समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात. स्वतंत्र जागा मिळायला १९८० उजाडलं. ऐकणाऱ्याच्या मनात जे असायचं तेच निदानात उतरायचं. बाई प्यायली की एक निदान, साहेब प्यायला की दुसरं, हमाल प्यायला की तिसरं. मोजपट्टी आली ती डॉक्टरांच्या नैतिकतेला लगाम घालायला.

आणि मोजपट्टी हवेतून नाही आली. ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी १९७६ मध्ये दारूच्या अवलंबित्वाचं वर्णन लिहिलं तेव्हा ते रुग्णांकडे बघूनच लिहिलं होतं. पिण्याची तऱ्हा एकसुरी होत जाते, बाकी सगळ्यापेक्षा दारू वरचढ ठरते, सकाळचा त्रास घालवायला सकाळीच घेतली जाते, सोडून पुन्हा सुरू केली की काही दिवसांत सगळं मूळ पदावर येतं. आजच्या निकषांचा बराचसा वंश तिथला.

---

तिरकस

हमाल, साहेब आणि बाई हे वर्गीकरण अजून गेलंय असं कोणी सांगितलं डॉक्टरांना? 🙂

---

सरळरेघ

मी डॉक्टर नाही, आकडेवारीत काम करतो. मला तर दोघांचंही पटत नाही.

रक्तदाबाचं निदान करताना कोणी विचारतं का, "तुमच्या रक्तदाबामुळे नात्यांत तणाव येतो का?" पट्टा बांधतात, आकडा बघतात. दारूचंही तेच करा. दिवसाला किती ग्रॅम अल्कोहोल, किती वर्षं. यकृत, कर्करोग, अपघात, झटके, हे सगळं मात्रेबरोबर चढत जातं. युर्गन रेम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की दीर्घकाळ चाललेलं भरमसाट सेवन एवढीच व्याख्या पुरे का नाही? ताबा, तलफ, अग्रक्रम ही सगळी मनातली भुतं. ग्रॅम मोजता येतात. शिवाय "तुम्ही खूप पिता, कमी करा" हे ऐकायला "तुम्हाला विकार आहे" पेक्षा सोपं जातं.

---

जुनाखडू

सरळरेघ, मुद्दा चांगला आहे, पण पूर्ण नाही.

दुखण्यासाठी डॉक्टरने लिहून दिलेली अफूवर्गातली औषधं वर्षभर घेणारा रुग्ण घ्या. मात्रा मोठी, शरीराला सवय झालेली, अचानक बंद केली तर घाम, जुलाब, अंग मोडणं, सगळं होणार. तुमच्या तराजूत तो अट्टल व्यसनी. प्रत्यक्षात तो गोळी वेळेवर घेतो, कामाला जातो, डॉक्टरने कमी करायला सांगितली की कमी करतो. म्हणूनच डीएसएम-५ मध्ये स्पष्ट लिहिलंय की औषध सांगितल्याप्रमाणे वैद्यकीय देखरेखीखाली घेत असेल तर शरीराचे ते दोन निकष मोजायचे नाहीत.

याच्या उलट, आठवड्यातून एकदाच घेणारा पण त्या एका रात्रीत पगार, गाडी आणि शुद्ध तिन्ही घालवणारा. त्याच्या ग्रॅमची सरासरी काढा, शेजाऱ्यापेक्षा कमी भरेल.

मात्रा धोका सांगते. आयसीडी-११ मध्ये "धोकादायक वापर" अशी नोंद आहेच, पण ती विकारांच्या यादीत नाही, आरोग्यावर परिणाम करणाऱ्या घटकांत आहे. तुम्ही जे म्हणताय त्याला तिथे जागा आहे.

---

परीक्षानळी

प्रयोगशाळेतून एक आवाज.

आमच्याकडे लोक लघवीचा रिपोर्ट "पॉझिटिव्ह" आला की मुलगा व्यसनी ठरला असं समजून रडतात, आणि "निगेटिव्ह" आला की पेढे वाटायच्या बेतात असतात. दोन्ही चूक. रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की अमुक पदार्थ अमुक दिवसांत शरीरातून गेला.

ते दिवसही पदार्थागणिक वेगळे. अँफेटामाइन दोन-तीन दिवसांत निघून जातं. गांजा रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही काही आठवडे दिसू शकतो, म्हणजे खरोखर सोडलेला माणूस खोटा ठरतो. दारूसाठी रक्तातलं पीईथ (दारूपासूनच शरीरात बनणारा पदार्थ) दोन ते चार आठवड्यांमागचं सांगतं, जीजीटी हे यकृताचं एन्झाइम वाढायला इतर दहा कारणं असतात. अफूच्या साध्या पट्टीत खसखस खाऊनही पॉझिटिव्ह येऊ शकतं, आणि त्याच पट्टीत फेंटानिल हे अफूवर्गातलंच कृत्रिम औषध सापडत नाही, कारण पट्टी मॉर्फिनच्या कुटुंबासाठी बनलेली आहे, फेंटानिलची रचना निराळी. सर्वांत घातक पदार्थ घेणारा "निगेटिव्ह" घेऊन घरी जातो.

तेव्हा सरळरेघ, मोजता येतं ते सगळं खरंच असतं असं नाही. तरी एक बाजू तुमचीही घेतो. बेशुद्ध आणलेला रुग्ण, किंवा "शेवटची दिवाळीत घेतली होती" असं शपथेवर सांगणारा, तिथे नळीच बोलते, निकष नाही.

---

उन्हातलीसावली

तुमच्या चर्चेत मी जरा वेगळ्या दारातून येतेय. माझ्या नवऱ्याचं निदान तीन वर्षं झालं नाही.

कपाटात एक बाटली असायची. मी रोज बघायची. ती नेहमी तेवढीच भरलेली. मला वाटायचं, बघा, हात लावत नाहीत. नंतर कळलं की रोज एक संपत होती आणि रोज नवी तेवढ्याच पातळीला आणून तिथे ठेवली जात होती. कोऱ्या बाटलीतली थोडी दुसरीकडे ओतून! एवढी मेहनत करणाऱ्या माणसाला डॉक्टर विचारतात "पिण्यात किती वेळ जातो?" आणि तो म्हणतो, "अर्धा तास."

मी बाहेर बाकावर बसलेली असायचे. मला कोणी आत बोलावलं नाही. निकष अकरा असोत की तीन, ज्याला प्रश्न विचारता तोच लपवतोय तर तुमच्या वह्या भांडून काय उपयोग?

आणखी एक. यादीतले बहुतेक निकष त्याचं काय झालं ते विचारतात. नात्यात भांडणं झाली का, पण तीही त्याच्या तोंडून. माझी झोप, मुलाचं तोतरं बोलणं, हे कुठे लिहायचं?

---

अर्धविराम

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला अर्धं उत्तर आहे. आयसीडी-११ मध्ये "अपायकारक वापर" या निदानात आता दुसऱ्यांच्या आरोग्याला झालेला अपायही धरला जातो. त्याआधीच्या आवृत्तीत फक्त पिणाऱ्याचं स्वतःचं शरीर आणि मन धरायचे. ही आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण एखाद्या ओपीडीत तो रकाना कोणी भरताना मी पाहिलेला नाही, हे खरं.

बाटलीची गोष्ट मी विसरणार नाही.

---

पुन्हाशून्य

सोडून सहा वर्षं झाली मला. मी बाकाच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस.

पहिल्या डॉक्टरने मला चार प्रश्न विचारले होते. नंतर कळलं त्याला केज म्हणतात. कमी करावीशी वाटली का, लोक बोलले की राग येतो का, अपराधी वाटतं का, सकाळी उठल्या उठल्या लागते का. राग येतो का याला मी "नाही" म्हणालो आणि ते खरं होतं. कारण बोलणारी सगळी माणसं मी तोवर तोडली होती. अपराधी? तेही नाही, त्यासाठीच तर पीत होतो.

नंतरच्या डॉक्टरने अकरा विचारले. तीन आले. त्याने कागदावर लिहिलं "सौम्य". तो कागद मी घरी नेला आणि दीड वर्ष वापरला. बायकोने तोंड उघडलं की काढायचा. "हे बघ, डॉक्टरांनी लिहिलंय. सौम्य."

म्हणून मी अर्धविरामच्या बाजूने. आकडा माझ्या हातात दिलात की मी त्याचा दाखला करणार.

---

जुनाखडू

पुन्हाशून्य, तुमच्याशी वाद घालायला जीभ रेटत नाही, पण घालतो.

पहिलं म्हणजे केज हे निदान नाहीच, चाळणी आहे. जॉन यूइंगने १९८४ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात छापलं तेही पटकन संशय यावा म्हणून. दोन "हो" आले की पुढे नीट बसून बोलायचं. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट तशीच: दहा प्रश्न, चाळीसपैकी गुण, आठ किंवा जास्त आले की लक्ष द्या. चाळणीत जे अडकलं नाही ते नाहीच, असं मानणाऱ्याची ती चूक.

दुसरं, "सौम्य" नसतं तर काय मिळालं असतं? डीएसएमच्या याआधीच्या, १९९४ च्या आवृत्तीत दोन कप्पे होते: अवलंबित्व, सातपैकी तीन, आणि गैरवापर, चारपैकी एक. अवलंबित्वाचे दोन निकष असलेला आणि गैरवापराचा एकही नसलेला माणूस दोन्ही कप्प्यांच्या मधल्या फटीत पडायचा. त्यांना निदानाचे अनाथ म्हणायचे. तुम्ही तीनावर होता, पण एक जरी कमी सांगितला असतात तरी कोरा कागद घेऊन घरी गेला असतात. आणि उलट बाजूला, पिऊन दोनदा गाडी चालवली एवढ्यावर एखाद्याला "गैरवापर" चिकटायचा.

मोठ्या लोकसंख्येच्या पाहण्यांमधून निकषांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की गैरवापर हा हलका आणि अवलंबित्व हे जड, असं काही नसतंच. सगळे निकष एकाच चढावर मिसळून उभे आहेत. डेबोरा हॅसिन आणि मंडळींनी २०१३ मध्ये ही कारणमीमांसा सविस्तर लिहिली आहे. म्हणून कप्पे गेले आणि एक चढ आला. पोलिसांशी भानगड हा निकष काढला, कारण तो क्वचितच लागू व्हायचा आणि लागला तरी नवं काही सांगायचा नाही. तलफ आत आली.

---

पुन्हाशून्य

कोरा कागद मिळाला असता तर निदान दाखवायला काही नसतं.

---

सरळरेघ

डॉक्टर, "एकच चढ" हे माझ्याच बाजूचं झालं की! चढ आहे तर दोनावर रेघ का? तीनावर का नाही? रेघ कुठेतरी ओढायची म्हणून ओढली आहे, हे तरी मान्य करा.

---

जुनाखडू

मान्य. रेघ माणसांनी ओढलेली आहे. रक्तदाबाचीही माणसांनीच ओढलेली आहे, आणि ती पण सरकत आली आहे.

---

नवखा_वाचक

एक बाळबोध प्रश्न. माझा भाऊ पितो आणि खूप उदासही असतो. एक डॉक्टर म्हणाले आधी दारू सोडा, उदासी जाईल. दुसरे म्हणाले उदासीमुळेच पितोय, आधी तिचं औषध. कोण बरोबर?

---

अर्धविराम

बाळबोध नाही, हाच सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पुस्तक म्हणतं, नशा आणि सोडल्यावरचा त्रास दोन्ही संपून साधारण महिना झाला तरी उदासी टिकली, तर ती स्वतंत्र आजार धरा. विरली तर पदार्थाची देणगी धरा. त्याआधी कधी, दारू नसतानाच्या काळात, असं झालं होतं का हेही बघतात. आम्ही कागदावर आडवी रेघ ओढतो, वर पिण्याचे काळ, खाली उदासीचे. शाळा, नोकरी, आजारपणं, त्या खुणांना धरून आठवायला सांगतो. बऱ्याचदा खालची रेघ वरचीच्या कितीतरी आधी सुरू झालेली दिसते आणि समोरचा स्वतःच चकित होतो.

---

उन्हातलीसावली

आणि तो महिनाभर न पिता काढायचा कोणी? महिना न पिता काढता आला असता तर तो तुमच्याकडे आला असता का?

---

जुनाखडू

बरोबर बोललात. माझ्या पिढीने इथे पाप केलंय. "आधी सोडून या, मग बघू" म्हणून कित्येकांना परत पाठवलं. जिवाचं बरंवाईट करायचे विचार असतील तर महिन्याची वाट बघायची नसते, आणि औषध सुरू करायला लेबल पक्कं असावं लागत नाही. नवखा वाचक, भावाला विचारा मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते वाढत नाहीत. येत असतील तर आजच घेऊन जा. आणि रोज पिणारा असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते, भ्रमिष्टासारखं होऊ शकतं, त्यात जीवही जातो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची.

---

तिरकस

हे सगळं चाललंय तोवर मेंदूचा फोटो काढून विषय संपवत का नाहीत? व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं १९९७ पासून ऐकतोय.

---

अर्धविराम

अॅलन लेशनरचा तो लेख सायन्स या नियतकालिकात आला होता, हो. पण गटागटांच्या सरासरीत फरक दिसणं वेगळं आणि समोर बसलेल्या एका माणसाचा फोटो बघून "हा" असं म्हणणं वेगळं. तसा फोटो आज कोणाकडेही नाही.

मात्र मेंदूवाल्यांची एक कल्पना मला आवडते. पदार्थाची ओढ, सोडल्यावर येणारा काळोख, आणि आवरण्याची ताकद, या तीन अंगांनी माणूस तपासायचा. जॉर्ज कूब, नोरा वोल्कोव्ह ही मंडळी त्यामागे आहेत. त्यात निदान कुठला पदार्थ घेतो यावर थांबत नाही, हा का घेतो तिथवर जातं. माझ्या एकवीस वर्षांच्या पोराला ओढ आहे, काळोख नाही. पन्नाशीच्या माणसाला ओढ कधीच संपलीय, तो फक्त थरथर थांबवायला पितो.

---

जुनाखडू

आता तू मुद्द्यावर आलास. पण लक्षात ठेव, जागाही बघायची. ली रॉबिन्सने व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला होता. तिथे असताना जवळपास पाचातला एक हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेला. शरीराच्या खुणा, मात्रा, सगळं पक्कं. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतल्या साधारण ५ टक्क्यांनाच पुन्हा व्यसन लागलं. सरळरेघच्या ग्रॅमने, परीक्षानळीच्या नळीने, माझ्या निकषांनी ते सगळे तीव्र निघाले असते. आणि निदान त्या दिवशी बरोबरच असतं. भविष्य मात्र चुकलं असतं.

---

परीक्षानळी

अवांतर: आपल्या भाषेतही घोळ आहेच. "व्यसन" या शब्दाचा संस्कृतातला एक अर्थ संकट असा आहे, आणि आपण वाचनाचं व्यसन, चहाचं व्यसनही म्हणतो. इंग्रजीत "डिपेंडन्स" शब्दावरून असाच गोंधळ झाला. शरीराला सवय झालेला वेदनेचा रुग्ण आणि ताबा सुटलेला माणूस, दोघांना एकच शब्द. डीएसएम-५ मधून तो शब्द निदानाच्या नावातून गेला त्याचं हेही एक कारण.

---

उन्हातलीसावली

शब्दांनी फरक पडतो. आमच्याकडे फाईलवर "दारुडा" लिहिलं नव्हतं, पण वॉर्डात तसंच हाक मारायचे.

---

अर्धविराम

यावर प्रयोग झालाय. जॉन केली यांनी २०१० मध्ये ५०० हून जास्त मानसोपचार क्षेत्रातल्या लोकांना एकाच माणसाची माहिती दिली. काहींच्या कागदावर तो "गैरवापर करणारा", काहींच्या कागदावर "विकार असलेला". बाकी मजकूर तोच. पहिला शब्द वाचणाऱ्यांनी त्याला जास्त दोषी धरलं. शिकलेली, रोज हेच काम करणारी माणसं.

जुनाखडू सर, इथे तुमच्या मोजपट्टीला एक गुण. "विकार, अकरापैकी सात" यात शिवी नाही.

---

अर्धविराम

तीन दिवसांनी परत लिहितोय.

पन्नाशीचे गृहस्थ पुन्हा आले. या वेळी मुलगी बरोबर होती, तिला आत घेतलं (ताई, तुमच्यामुळे). निकषांची यादी बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, "शेवटचा असा दिवस कधी होता, ज्या दिवशी घेतली नाही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हिच्या लग्नात. संध्याकाळी सातपर्यंत."

सातपर्यंतच का? तर मुलगी म्हणाली, "फोटो काढताना बाबांचे हात थांबत नव्हते. मामा त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला." हे लग्न आठ महिन्यांपूर्वीचं. ते खाली बघत होते. मग आपणहून बोलले, की आठवडाभर आधीपासून थोडी थोडी कमी करत आणली होती, लग्नाच्या दिवशी तरी नको म्हणून. "कशाला करू" म्हणणारा हाच माणूस. यकृताचे रिपोर्ट दोन वर्षांपासून घरात पडून आहेत. पोहायला जायचे, ते बंद होऊन वर्षं झाली. नंतर बसून मोजले. सात.

---

जुनाखडू

बघ. मोजल्यावर तीव्रच आला.

---

अर्धविराम

ऐकल्यावर आला, सर.

---

जुनाखडू

ऐकून मोजायचंच असतं. मी दुसरं काय सांगत होतो?

---

सरळरेघ

रोज किती घेतात ते पहिल्याच दिवशी लिहून घेतलं असतंत तर हे तीन दिवस वाचले असते.

---

पुन्हाशून्य

त्यांना "सात" सांगितलात का? सांगितला असेल तर कसा?

मी का विचारतोय, तर पुस्तकाप्रमाणे वर्षभर तलफ सोडून एकही निकष लागला नाही की "टिकून राहिलेली सुधारणा" म्हणतात. तलफ मोजत नाहीत. मला अजून येते, परवा आली होती, एका लिफ्टमध्ये, कुणाच्या तरी श्वासाच्या वासाने. कागदावर मी बरा आहे. हा एक आकडा असा आहे ज्यावर माझी तक्रार नाही.

आणि त्या मुलाचं काय केलंत?

---

अर्धविराम

सात सांगितले नाहीत अजून. सातपर्यंतचं सांगितलं, म्हणजे त्यांचं वाक्य त्यांनाच परत वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात दाखल होतायत.

मुलाला महिन्याने बोलावलंय, आईशिवाय. निदानाच्या रकान्यात सध्या पेन्सिलीने लिहिलंय.